डाव्या बाहीवरची जाळी

नऊ वर्षांपूर्वी मला एक पत्र आलं. त्याला मी उत्तर दिलं नाही.

द्यायचं नव्हतं असं नाही. पत्र आलं त्याच संध्याकाळी मी कागद घेऊन बसलो होतो. ‘आपले पत्र मिळाले, आनंद झाला’ इथवर लिहिलं आणि ‘आनंद झाला’ हे खरं आहे का, यावरच अडलो. झाला होता, पण त्याहून जास्त मी घाबरलो होतो. तो कागद फाडला, दुसरा घेतला, तोही फाडला. शेवटी पत्र शब्दकोशात ठेवलं, म्हणजे रोज नजरेला पडेल आणि एक दिवस उत्तर लिहून होईल. ते रोज नजरेला पडायला लागलं, म्हणून महिन्याभराने मी दुसरा शब्दकोश वापरायला लागलो.

पत्र एका पाणबुड्याचं होतं. धरणाच्या पाण्यात उतरून दारं खालून तपासायची, असं त्याचं काम. आम्ही एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं. आमच्यात दुवा म्हणाल तर अठ्ठेचाळीस पानांची एक हिरवी पुस्तिका.

मी आयुष्यभर भाषांतरं केली. पण कुणी कपाटात जपून ठेवावीत अशी नव्हेत. यंत्रांबरोबर येणारी माहितीपत्रकं, औषधांच्या खोक्यातले घडी केलेले कागद, असलं काम. ‘वापरण्यापूर्वी बाटली हलवा’ हे माझं सर्वांत जास्त वाचलं गेलेलं वाक्य असावं. बायको पाहुण्यांना माझी ओळख करून देताना ते मुद्दाम सांगते.

पाणबुड्यांच्या प्रशिक्षण केंद्राने ती पुस्तिका माझ्याकडे दिली, कारण दुसरं कुणी घेईना. विषय होता, थंड पाण्यात उतरणाऱ्याने ड्रायसूटच्या आत काय घालावं. ड्रायसूट म्हणजे मानेला आणि मनगटांना रबराने घट्ट बसणारा, पाणी आत येऊ न देणारा अंगभर पोशाख. तो माणसाला कोरडं ठेवतो, पण ऊब देत नाही. ऊब द्यायची ती आतल्या कपड्यांनी आणि त्यांत अडकलेल्या हवेने. खाली जाताना ती हवा नळीने थोडी थोडी आत घ्यायची, वर येताना डाव्या दंडावरच्या व्हॉल्व्हमधून बाहेर सोडायची. ती सुटली नाही तर माणूस फुग्यासारखा वर येतो, आणि खोल पाण्यातून तशा वेगाने वर येणं शरीराला सोसत नाही. एवढं मला त्या पुस्तिकेमुळे कळलं. मला स्वतःला पोहता येत नाही.

मूळ पुस्तकात एका ठिकाणी असं होतं, की आतला कपडा हालचालीला पुरेसा मोकळा असावा. पुरेसा म्हणजे किती? मी दोन दिवस त्या एका शब्दापाशी बसून राहिलो आणि शेवटी धीर करून केंद्रात गेलो. तिथल्या स्टोअरकीपरला म्हटलं, “मला जरा... ते घालून बघता येईल का?”

“पाण्यात जायचंय?” त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“छे, छे. इथेच. खुर्चीत.”

भर उन्हाळ्याचे दिवस होते. त्याने मला आधी पातळ इनर घालायला दिला, म्हणजे गळ्यापासून घोट्यापर्यंतचा फ्लीसचा एकसंध कपडा, आणि त्यावर सूट चढवला. मी हात वर केला, तो व्यवस्थित दंडावरच्या व्हॉल्व्हपर्यंत पोचला. मग त्याने जाड इनर दिला. सूट तोच, मी तोच, पण आता हात नाकापर्यंतसुद्धा जाईना. स्टोअरकीपर खूश झाला. म्हणाला, “बघा साहेब. बाहेरचं काही बदललं नाही, नुसतं आतलं बनियन बदललं, की सगळं गणित नवं!” नंतर सूट काढताना रबराची मान माझ्या हनुवटीत अडकली. टाल्कम पावडर चोळून दोघांनी मला बाहेर ओढलं. चष्मा आतच राहिला.

त्या रात्री पान एकतीसवर मी एक वाक्य लिहिलं: ‘आतला कपडा बदलला की सर्व काही उथळ पाण्यात पुन्हा तपासावे, काल ठीक होते म्हणून आजही ठीक असेल असे धरू नये.’ मूळ पुस्तकात हे वाक्य नव्हतं. चाळीस वर्षांच्या कामात मी पदरचं घातलेलं हे एकच वाक्य.

आणि पाणबुड्याचं पत्र नेमकं त्याच वाक्याबद्दल होतं. सगळं पत्र इथे देत नाही, पण थोडं द्यायलाच हवं.

‘तुमचं पुस्तक आलं तेव्हा मी म्हटलं, तीस वर्षं पाण्यात काढली, आता बनियन कसं घालायचं ते कागदावरून शिकू काय? पण पान एकतीसचं वाक्य डोक्यात बसलं. मला नवा इनर मिळाला होता, जाड, वरून गुळगुळीत. चौदा मीटरवर काम होतं. म्हटलं, आधी काठाशी छातीभर पाण्यात बघू. हवा सोडायला डावा हात वर केला, दहा आकडे मोजले, एक बुडबुडा नाही. गुळगुळीत कापड आतून व्हॉल्व्हच्या तोंडावर झाकणासारखं बसलं होतं. मी उलटा झालो, पाय वर, डोकं खाली. मदतनीस हसत सुटला आणि हसत हसतच त्याने मला पायाला धरून ओढलं. साहेब, चौदा मीटरवर हसायला कुणी नसतं. माझी बायको तुम्हाला नमस्कार सांगते.’

शेवटी त्याने लिहिलं होतं: ‘एक विचारायचं आहे. आमचे वरिष्ठ म्हणतात, हे वाक्य मूळ पुस्तकात नाही, भाषांतरवाल्याने घुसडलं आहे, पुढच्या छपाईत काढून टाकू. ते कुठून आलं, एवढं एका ओळीत कळवा. मी ती ओळ त्यांच्यासमोर ठेवीन.’

घुसडलं. तो शब्द मला लागला, कारण तो खरा होता. काय कळवायचं? की मी स्टोअररूममधल्या लाकडी खुर्चीवर घामाने निथळत बसलो होतो, त्यातून ते सुचलं? ज्याला पोहता येत नाही त्याने पाण्यात तीस वर्षं काढलेल्या माणसांना उपदेश केला? ‘मूळ पुस्तकात आहे’ असं लिहिणं म्हणजे खोटं, आणि ‘नाही’ लिहिणं म्हणजे उघडं पडणं. मी काहीच लिहिलं नाही. नऊ वर्षं गेली.

मग गेल्या महिन्यात एका सोमवारी नात आली. लहानपणी एवढीशी होती आणि सतत काही ना काही उचलून इकडून तिकडे न्यायची, म्हणून तिला आम्ही मुंगी म्हणतो. आता ती इंजिनिअर आहे. पाण्याखालच्या भिंतींना चिरा पडल्या आहेत का, ते बघण्याचं तिचं खातं. त्यासाठी तिने दोन महिने केंद्रात प्रशिक्षण घेतलं होतं. शुक्रवारी तिची पहिली खोल बुडी होती. अठरा मीटर खोल, आणि पाणी चार अंशांवर.

“आजी, झाला का माझा इनर?” दारातूनच ओरडली.

माझ्या बायकोने चाळीस वर्षं शिवणाचा क्लास चालवला. नातीला केंद्रातले जुने, कोपरांना विरलेले इनर घालावे लागतात हे ऐकल्यावर तिने तीन आठवडे मशीन थांबू दिलं नव्हतं. तिने तो पलंगावर पसरला. आत मऊ फ्लीस, मध्ये विणलेला जाडसर थर, बाहेर सळसळीत विंडचीटरचं कापड. शिवण अशी, की टाका कुठे आहे ते शोधावं लागावं.

“बाहेरचं कापड मुद्दाम असं घेतलं,” ती म्हणाली. “वर सूट चढवायचा ना, सर्रकन सरकला पाहिजे. सोलायला लागायला ती काय केळं आहे?”

मुंगीने तिला मिठी मारली. मग तिची पिशवी पलंगावर उलटी झाली. आईने, म्हणजे आमच्या मुलीने, दिलेली पूर्ण बाह्यांची दोन सुती बनियनं त्यातून निघाली.

“ही नको हं,” मुंगी म्हणाली. “सुती कापड घाम शोषतं आणि ओलंच राहतं. खाली गारठायला होतं. अंगाला लागून ही लोकरीची पातळ, त्यावर आजीचा इनर. आईला सांगू नका, मी ही झोपताना घालीन.”

“मोजे?” मी विचारलं.

“एकच जोड, लोकरीचा. दोन घातले की बुटात पाय आवळतात, मग जास्तच थंड पडतात. आजोबा, तुम्हाला बरं माहीत!”

“त्यांना काय माहीत,” बायको म्हणाली, “त्यांना बाटली हलवायची माहीत.”

आम्ही हसलो. मी पलंगाच्या कडेला बसून त्या कापडावर हात फिरवत होतो. हात खरोखरच सर्रकन सरकत होता. वरून गुळगुळीत. हे शब्द मी कुठेतरी वाचले होते, आणि कुठे ते मला चांगलं ठाऊक होतं.

“तुमच्याकडे ती पुस्तिका असते ना अजून?” मी विचारलं. “कपड्यांवरची?”

“असते की. तुमचीच!” तिने काढून दिली. आता निळी झाली होती, नवी आवृत्ती. मी पान एकतीस उघडलं. मग तीस बघितलं, मग बत्तीस. पुन्हा एकतीस.

वाक्य नव्हतं.

वरचं वाक्य खालच्या वाक्याला इतकं चिकटून बसलं होतं, की मध्ये कधी काही होतं असं कुणाला वाटलंही नसतं. छान काम केलं होतं. मी असतो तर मीही असंच केलं असतं.

“मुंगे,” मी म्हटलं, “हा इनर घालून तू आधी पाण्यात जाऊन येणार ना? म्हणजे थोड्या पाण्यात?”

“स्विमिंग पूलमधला सराव झालाय माझा. महिनाभर तेच केलंय.”

“ते जुन्या इनरमध्ये.”

“वजन तर काठावर बघतोच आम्ही. जाड इनरमध्ये जास्त हवा राहते, माणूस तरंगतो, मग कमरेचं शिसं थोडं वाढवायचं. ते केंद्रातले मास्तर करतील.”

“वजन नव्हे. डावा हात.” मी स्वतःचा दंड दाखवला. “म्हणजे तो व्हॉल्व्ह... कापड आतून... मला नक्की माहीत नाही, पण...”

“अहो, काय ते एकदा धड बोला,” बायको म्हणाली. “माझ्या शिवणीत काही खोट आहे का?”

“शिवणीत नाही.”

“मग?”

“कापडात.” आणि घाईघाईने म्हटलं, “कदाचित.”

चाळीस वर्षांत तिच्या कापडाच्या निवडीवर कुणी बोट ठेवलं नव्हतं, आणि आज ठेवलं ते कुणी, तर ज्याला स्वतःच्या शर्टाचं बटण लावता येत नाही त्याने. ती उठून चहा टाकायला आत गेली. तिचं असं उठून जाणं मला बोलण्यापेक्षा जड जातं. मी मनात म्हटलं, सोडून दे. केंद्रात शिकलेली माणसं आहेत. एवढं महत्त्वाचं असतं तर त्यांनी वाक्य काढलंच नसतं. तू कोण? खुर्चीवरचा पाणबुड्या.

मुंगी इनरची घडी घालत होती. मान वाकवून, जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरून, लहानपणी वह्यांना कव्हर घालायची तशी. एकदा गप्प बसलो, आणि त्याची किंमत पान एकतीसवर दिसत होती. शुक्रवारी अठरा मीटरवर हीच मुलगी असणार होती.

मी उठलो आणि जुना शब्दकोश काढला.

“हे वाच,” मी म्हटलं. “मोठ्याने वाच. आजीलाही ऐकू जाऊ दे.”

तिने वाचलं. ‘पाय वर, डोकं खाली’ इथवर हसत वाचलं, पुढच्या वाक्याला तिचा आवाज उतरला. बायको चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. पत्र संपल्यावर तिने पहिला प्रश्न मला विचारला.

“हे कधी आलं?”

“नऊ वर्षं झाली.”

“नऊ वर्षं? त्या बाईने नमस्कार सांगितला, आणि तुम्ही तो शब्दकोशात दाबून ठेवलात?”

मी चष्मा पुसायला घेतला.

तिने ट्रे ठेवला, इनर उलगडला, डाव्या बाहीच्या दंडावरचं कापड चिमटीत धरलं, दुसऱ्या हाताने तोंडाजवळ घेऊन त्यातून फुंकर मारून बघितली. पुन्हा मारली. तिचा चेहरा बदलला.

“हवा जात नाही यातून,” ती म्हणाली. “वाऱ्यासाठीच असतं हे कापड. वारा अडवायला.” मग मुंगीकडे वळून, “तुझ्या मास्तरांना फोन कर. उद्या पूल पाहिजे म्हणावं.”

“आजी, ते हसतील गं. पुलातून वर गेलेली मुलगी परत पुलात?”

“हसू दे,” मी म्हणालो. दोघींनी माझ्याकडे वळून पाहिलं, कारण मी ते जरा मोठ्याने म्हणालो होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं केंद्रात गेलो. मी बाहेरच थांबतो म्हणत होतो, पण बायकोने हात सोडला नाही. पुलाकाठी एक लाकडी बाक होता, त्यावर आम्हाला बसवलं. मास्तर चांगला रुंद माणूस, गळ्यात टॉवेल, गळ्यात शिट्टी.

“काय मुंगीबाई, घरून तपासणी पथक आणलंत?”

“आजोबांना शंका आहे,” ती म्हणाली.

“शंका चांगली. शंकेने अजून कुणी बुडालं नाही.” पण डोळ्यांत हसू होतं, आणि मी बाकावर आणखी थोडा आक्रसलो.

मुंगी तयार होऊन आली. इनरच्या बाह्या तिने मनगटाच्या रबराखाली जाऊ दिल्या नाहीत, नीट वर सरकवून घेतल्या. तिथे कापड अडकलं तर पाणी आत झिरपतं. मास्तरांनी वजन बघितलं. खरंच थोडं शिसं वाढवावं लागलं. मग ती छातीभर पाण्यात उतरली आणि सूटमध्ये जराशी हवा घेतली.

“हं. सोडा आता,” मास्तर म्हणाले.

तिने डावा हात वर केला. मी मनात मोजायला लागलो. चार. पाच. पाणी शांत होतं. सात. तिने कोपर हलवलं, दंड झटकला. नऊ. दहा. एक बुडबुडा नाही. ती जरा पुढे झुकली मात्र, आत कोंडलेली हवा पायांकडे धावली, आणि पाहता पाहता माझी नात उलटी झाली. पाण्यावर दोन काळे बूट तेवढे दिसत होते.

मास्तर कपड्यांनिशी आत उडी मारून तिच्यापाशी पोचले होते. मी उभा राहिलो होतो. बायकोने माझ्या मनगटात नखं रुतवली होती, हे मला घरी गेल्यावर कळलं. मुंगी वर आली, तोंडातली नळी काढली आणि आधी खोकली, मग हसली. मास्तर हसले नाहीत. त्यांनी तिला काठाशी आणलं, सूट उतरवायला लावला, बाहीच्या आत हात घातला आणि कापड व्हॉल्व्हवर दाबून पाहिलं.

“झाकणासारखं बसतंय,” ते म्हणाले. अगदी त्याच शब्दांत म्हणाले.

बायको तोवर बाकावरून उठली होती. तिच्या पर्समध्ये सुई-दोरा नाही असा दिवस मी पाहिलेला नाही. “जाळी आहे का इथे?” तिने विचारलं. “कडक पाहिजे. दबून सपाट होणारी नको.”

पायांत घालायचे फिन्स ठेवायच्या पिशव्या जाळीच्या असतात. मास्तरांनी एक फाटकी पिशवी आणून दिली. तिने हाताच्या पंजाएवढा तुकडा कापला, दुहेरी केला आणि इनरच्या डाव्या दंडावर, बरोबर व्हॉल्व्हच्या जागी ठेवला, म्हणजे कापड आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये हवेला वाट राहील. मग तिथेच बसून कडेकडेने बारीक टाके घालायला लागली.

“आजी, सैल धागा राहू देऊ नका हं,” मास्तर म्हणाले. “व्हॉल्व्हमध्ये धागा अडकला तर तो बंद होत नाही, मग पाणी आत.”

तिने चष्म्यावरून बघितलं. “मला धागा सांगताय? तुम्ही आधी अंग पुसा, सर्दी होईल.”

मास्तरांनी निमूट अंग पुसलं.

मुंगी दुसऱ्यांदा उतरली. हवा घेतली, डावा हात वर केला. मी मोजायला सुरुवातही केली नव्हती, तोच दंडावरून बुडबुड्यांची माळ सुटली. चांगली भरघोस, आवाज करत. ‘भुळुक भुळुक’ एवढाच आवाज होता तो. मला तो ऐकून काय वाटलं हे लिहिता येत नाही, आणि आयुष्यभर मी शब्दांवर पोट भरलं आहे. मास्तरांनी तिच्याकडून तेच पाच वेळा करवून घेतलं. उभं राहून, आडवं होऊन, पाठीवर. पाचही वेळा बुडबुडे आले. दुसऱ्या दिवशी ते तिला खोल टाकीतही नेणार होते, आणि सगळ्यांच्या इनरच्या डाव्या बाह्या तपासणार होते.

मग ते माझ्याजवळ येऊन बसले. बाक वाकला.

“आजोबा, हे तुम्हाला कुठून माहीत?”

मी त्यांना पत्र दाखवलं. त्यांनी ते सावकाश वाचलं. पाणबुड्याचं नाव त्यांनी ऐकलं होतं. निवृत्त झाले, कान गेले, पण आहेत अजून, म्हणाले, धरणाजवळच्या वस्तीतच राहतात.

“पण हे पुस्तिकेत का नाही?”

“होतं,” मी म्हटलं.

“मग काढलं कुणी?”

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. ‘वरिष्ठांनी’ असं म्हणता आलं असतं, ते खोटंही नव्हतं.

“मी,” मी म्हणालो. “म्हणजे, मी काढू दिलं. या पाणबुड्याने मला विचारलं होतं. मी उत्तर दिलं नाही.”

मला वाटलं, आता बोलतील, आणि बोलावंच असंही वाटलं. पण त्यांनी पत्र नीट घडी करून माझ्या हातात दिलं, एवढंच. “मग आता द्या,” म्हणाले.

शुक्रवारी दुपारी फोन आला. बायकोने तो दोघांना ऐकू येईल असा धरला.

“आजी! अठरा मीटर, पस्तीस मिनिटं! बोटं जरा गारठली, बाकी अंगाला थंडी म्हणून लागली नाही. आणि वर येताना हवा अशी सुटत होती म्हणून सांगू! मास्तर म्हणतात, तुझ्या आजीला नोकरी देतो.”

“मी नाही करत नोकरी,” बायको म्हणाली. “सगळ्यांचे इनर पाठवा म्हणावं, घरीच जाळ्या लावून देते.” मग फोन माझ्या हातात दिला आणि पदराने डोळे पुसत आत निघून गेली.

त्या संध्याकाळी मी कागद घेतला. या वेळी ‘आनंद झाला’ यावर अडलो नाही, कारण ते लिहिलंच नाही. मी लिहिलं:

‘आपले पत्र मला नऊ वर्षांपूर्वी मिळाले. उत्तराला इतका उशीर होण्याचे कारण माझा भित्रेपणा, दुसरे नाही. आपण विचारले होते की ते वाक्य कुठून आले. मूळ पुस्तकात ते नाही. आपले वरिष्ठ बरोबर होते. ते मी घातले. केंद्राच्या स्टोअररूममध्ये खुर्चीवर बसून मी दोन इनर घालून पाहिले, दुसऱ्यात माझा हात वर जाईना, त्यावरून ते सुचले. मला पाण्याची काहीही माहिती नाही. पण ते वाक्य खरे आहे, हे आपण मला कळवले होते, आणि आता मी डोळ्यांनी पाहिले आहे. माझी नात आपल्या पत्रामुळे सुखरूप आहे. आपण दहा आकडे मोजल्याचे लिहिले नसते तर मी काय मोजले असते? माझ्या वाक्याने आपल्याला वाचवले असे आपण लिहिता. ते वाक्य मी हातचे घालवले, आणि आपण ते नऊ वर्षे माझ्यासाठी सांभाळून ठेवलेत. आपले हे ऋण मोठे आहे. आपल्या पत्नीला आमचा दोघांचा नमस्कार. त्यांचा नमस्कार माझ्या पत्नीला फार उशिरा पोचला, याबद्दल ती माझ्याशी अजून धड बोलत नाही.’

खाली बायकोने तिच्या अक्षरात एक ओळ घातली: ‘जाळी दुहेरी लावावी, एकेरी दबते.’

दुसरं पत्र केंद्राच्या प्रमुखांना लिहिलं. त्यात पान एकतीसवरचं वाक्य पुन्हा लिहून दिलं, ते माझं आहे हे लिहिलं, का घातलं ते लिहिलं, आणि त्याखाली मी सही केली. भाषांतराखाली सही करण्याची पद्धत नसते. माझी सही वाचता येण्यासारखी आली.

शनिवारी सकाळी आम्ही दोघं टपाल कचेरीत गेलो. खिडकीतल्या बाईंनी पाकिटावरचा पत्ता निरखून पाहिला.

“पत्ता जुना वाटतोय. पोचेल का?”

“माणूस तिथेच आहे,” मी म्हटलं. “चौकशी केली आहे.”

त्यांनी तिकिटं लावून पाकिटं परत दिली आणि कोपऱ्यातल्या लाल पेटीकडे बोट केलं. केंद्राचं पाकीट मी सहज टाकलं. दुसरं फटीत अर्धं गेलं आणि तिथेच माझी बोटं थांबली. ‘हातचे घालवले’ असं लिहायला हवं होतं की ‘हातून गेले’? दोन्हींत फरक आहे.

“अहो,” मागून बायको म्हणाली, “सोडा.”

मी सोडलं. पाकीट आत पडल्याचा हलकासा आवाज झाला. मग आम्ही घरी आलो.